विदर्भांत आलेले जपानी भिक्षु आणि त्यांच्यामागील जपान

विदर्भांत गेल्या शंभर वर्षांत जे जपानी भिक्षु आले, त्यांच्या आगमनाची हकीकत बहुधा चरित्रवजा, किंबहुना भाविक पद्धतीनें सांगितली जाते. अमुक भिक्षूस दृष्टान्त झाला, अमुक महात्म्याची भेट घडली, आणि तो येथें राहिला. एवढ्यावर ती संपते. दृष्टान्ताची नोंद इतिहासकारानें अवश्य घ्यावी. परंतु तेवढ्यानें त्याचें काम होत नाहीं. ज्या देशांत सहाव्या शतकापासून बौद्धधर्म नांदत होता, त्या देशांतील भिक्षूंस धर्माचें मूळ शोधण्यासाठीं घराबाहेर कां पडावें लागलें, हें विचारणें प्राप्त आहे. या प्रश्नाचें उत्तर इ. स. १८६८ नंतरच्या जपानी राज्यपरिवर्तनांत आणि त्याखालीं भरडल्या गेलेल्या माणसांत शोधिलें पाहिजे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. वाचकांस कदाचित् नवल वाटेल, परंतु त्या उत्तराचीं कांहीं साधनें वर्धा-हिंगणघाटकडील कापसाच्या वह्यांत असण्याचा संभव आहे.

प्रथम भूमीविषयीं दोन शब्द. नागपुराहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वैनगंगा ओलांडली म्हणजे पुढें गोंदिया लागतें. ता. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचा पूर्वभाग वेगळा काढून गोंदिया जिल्हा करण्यांत आला. त्याच्या पश्चिमेस विदर्भाचा मध्यभाग व पूर्वेस छत्तीसगड, म्हणजे प्राचीन दक्षिण कोसल. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग सातव्या शतकांत कलिंगाहून वायव्येस चालत जो कोसल देश पाहून गेला, तो नेमका कोणता याविषयीं मतभेद आहेत. कनिंगहॅमनें त्याची राजधानी चांद्यास शोधिली. पुढील कित्येक पंडित सिरपुराकडे वळले. वाद कसाही मिटो; चांदा आणि सिरपूर यांच्या मधला मुलूख म्हणजे हाच. या कोसल देशांत सातवाहन राजानें आचार्य नागार्जुनासाठीं डोंगर कोरून पांच मजल्यांचा विहार केला व तेथें ग्रंथसंग्रह ठेविला, अशी आख्यायिका ह्युएनत्संगानें नोंदविली आहे. पुराव्याची दुसरी, अधिक घट्ट बाजू म्हणजे शेजारच्या भंडारा जिल्ह्यांतील पवनी. तेथें १९६९-७० सालीं शां. भा. देव व जगत्पति जोशी यांनीं केलेल्या उत्खननांत मोठ्या स्तूपाचे अवशेष, कठड्याचे कोरीव खांब व त्यांवरील ब्राह्मी लेख मिळाले. त्यांत मुचलिंद नागाचें नांव कोरलेलें आहे. तेव्हां या खोऱ्यांत बौद्धधर्म बाहेरून नुकताच आला, असें म्हणण्यास जागा नाहीं.

जपानांतील संप्रदायांत नागार्जुनास ‘आठ संप्रदायांचा आचार्य’ म्हणतात. शिंगोन, जोदो शिनशू वगैरे एकमेकांशीं फारसें न जुळणारे पंथही आपली गुरुपरंपरा त्याच्यापर्यंत नेतात. म्हणून शिकलेल्या जपानी भिक्षूस कोसल हें नांव चिनी ग्रंथांतून पाठ असे. तें नकाशावर कोठें आहे, एवढेंच त्यास ठाऊक नसे. (नागार्जुनाचे ग्रंथ तिबेटी भाषांतरांतून म्हणणारे लोक १९७२ पासून गोंदिया जिल्ह्याच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यांत, नोर्ग्येलिंग या निर्वासितांच्या वसाहतींत राहतात. त्यांच्या पोथ्यांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.)

आतां जपानकडे वळूं. तेथें हजार वर्षें बुद्धमूर्ति आणि स्थानिक देव एकाच आवारांत, पुष्कळदां एकाच गाभाऱ्यांत पूजिले जात. शोगुनांच्या अमलांत प्रत्येक कुटुंबास कोणत्या ना कोणत्या बौद्ध मंदिराच्या दप्तरांत नांव नोंदवावें लागे. त्यामुळें मंदिर हें गांवच्या जन्ममृत्यूचें दप्तरही झालें होतें. १८६८ सालीं सत्ता बादशहा मेइजी याच्या नांवानें नव्या मुत्सद्द्यांच्या हातीं गेली, आणि त्यांनीं पहिल्याच कांहीं महिन्यांत देव व बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. हुकुमाची भाषा केवळ वेगळें करण्याची होती; परंतु ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनीं व जमावांनीं तिचा अर्थ उच्छेद असा घेतला. ‘हाइबुत्सु किशाकु’, म्हणजे बुद्ध टाका, शाक्यमुनि उखडा, ही त्या काळची घोषणा. सात्सुमा संस्थानांत एक हजारांवर मंदिरें होतीं. तीं कांहीं वर्षांतच नाहींशीं झालीं व हजारों भिक्षु चीवर उतरवून शेतांत किंवा सैन्यांत गेले. नारा येथील कोफुकुजीसारख्या प्राचीन मठांतील भिक्षु रातोरात शिंतो पुजारी बनले, आणि तेथील पंचमजली मनोरा क्षुल्लक किंमतीस विक्रीस निघाला. सूत्रग्रंथांचे कागद बांधाबांधीच्या कामास गेले, असें तत्कालीन लोक सांगतात. पोथी वाण्याच्या पुड्यांत गेलेली ज्यांनीं पाहिली आहे, अशा आपल्या वाचकांस याहून अधिक वर्णन नको.

पुढें १८७१ सालीं मंदिरांच्या आवाराबाहेरील जमिनी सरकारजमा झाल्या. आमच्याकडील इनाम कमिशनला आपण पुष्कळ शिव्याशाप देतों. परंतु त्यानें निदान सनदा मागितल्या, तपासल्या, आणि त्या निमित्तानें कां होईना, दप्तरें रचून ठेविलीं. जपानांत हें काम फार लवकर उरकलें. १८७२ च्या हुकुमानें भिक्षूंस मांसाहार, विवाह व केश राखणें यांची मोकळीक देण्यांत आली. वरकरणी ही सवलत. तिचा खरा अर्थ असा कीं, भिक्षुव्रत मोडलें काय किंवा पाळलें काय, राज्यास यापुढें त्याचें कांहीं देणेंघेणें राहिलें नाहीं.

या आघाताची एक खूण पोथीसंग्राहकांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवावी अशी आहे. नाऱ्याजवळील होर्युजी मठांत ताडपत्रावरील अतिप्राचीन संस्कृत पोथी होती. तींत प्रज्ञापारमिताहृदय व उष्णीषविजयाधारणी हे दोन पाठ आहेत. उत्पन्न बुडाल्यावर मठानें १८७८ सालीं आपल्या तीनशेंहून अधिक मौल्यवान् वस्तु बादशाही खात्यास अर्पण केल्या व मोबदल्यांत दहा हजार येन घेऊन इमारती सांवरल्या. या वस्तु आज तोक्यो येथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत, आणि ती ताडपत्री पोथीही त्यांतच आहे. ऑक्सफर्ड येथें माक्स म्यूलर यानें नान्जियो बुन्यू या जपानी भिक्षूच्या साहाय्यानें १८८४ सालीं ती प्रसिद्ध केली. तिच्या अक्षरवटिकेवर ज्यानें टिपण लिहिलें तो विद्वान् आपल्या चांगल्या परिचयाचा: गेओर्ग ब्यूलर. मुंबई इलाख्यांत सतरा वर्षें काढून, गांवोगांव हस्तलिखितें शोधून त्यानें जो संग्रह केला, त्याचा मोठा भाग पुण्यास भांडारकर संस्थेंत आहे. दख्खनच्या ताम्रपटांवर ज्याचा डोळा तयार झाला, त्यानेंच जपानांतील ताडपत्राचें वय ठरविण्याचा प्रयत्न केला. त्यानें दिलेला सहाव्या शतकाचा काळ पुढील पंडितांस मान्य झाला नाहीं. ते ती सातव्या-आठव्या शतकांतील मानतात. तरी तें टिपण अद्याप वाचनीय आहे.

नान्जियोस ऑक्सफर्डला कां जावें लागलें, यांत सारें येतें. जपानांत सिद्धम् अक्षरें लिहिण्याची परंपरा होती. मंत्र डौलदार लिहिले जात, परंतु संस्कृत भाषा कोणास येत नव्हती. नव्या राजवटीचे लोक म्हणूं लागले कीं, बौद्धधर्म हा परकी, निरुपयोगी व अज्ञ लोकांचा धर्म आहे. त्यास उत्तर देण्यासाठीं मूळ ग्रंथ वाचणारा माणूस पाहिजे होता. म्हणून पूर्व होंगानजी मठानें १८७६ सालीं नान्जियो व कासाहारा केंजू या दोन तरुणांस विलायतेस धाडलें. इंग्रजी शिकावी, मग संस्कृत शिकावें, मग मूळ बुद्धवचन वाचावें. जपानी भिक्षूस गंगेकडे जाण्याची वाट टेम्सवरून घ्यावी लागली. नान्जियोनें चिनी त्रिपिटकाची सूची केली. ती १८८३ सालीं छापली गेली व बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकांस तिचा उपयोग अजून होतो. त्याचा सोबती कासाहारा यास क्षय जडला. तो अभ्यास अर्धा टाकून परतला व त्याच १८८३ सालीं मरण पावला.

क्षय हा शब्द येथें सहज आला नाहीं. तो त्या काळच्या जपानचा रोग होता. मठांतील विद्यार्थ्यापेक्षां कितीतरी अधिक संख्येनें त्यानें गिरणींतील मुली नेल्या. १८७३ सालीं शेतसारा धान्याऐवजीं रोख रकमेंत, जमिनीच्या किंमतीच्या शेंकडा तीन प्रमाणें बसला, आणि त्याच वर्षीं सक्तीची सैन्यभरती आली. रोख सारा म्हणजे काय, तें वऱ्हाड-नागपूरच्या कुणब्यास सांगावयास नको. भाव पडला कीं जमीन गहाण, गहाण सुटली नाहीं कीं कूळपण. मग बाप गिरणीच्या दलालाकडून आगाऊ पैसे घेई व मुलगी कांहीं वर्षांच्या करारानें गिरणींत जाई. ओसाका येथील मोठ्या कापडगिरणीनें १८८३ सालापासून सूत काढण्यास आरंभ केला आणि लवकरच रात्रपाळीही सुरू केली. बारा तासांच्या दोन पाळ्या. दिवसाची मुलगी उठली कीं तिच्या अंथरुणांत रात्रीची निजे. मुली रजा न घेतां पळून जाऊं नयेत म्हणून वसतिगृहास कुंपण. इशिहारा ओसामु या वैद्यानें १९१३ सालीं गिरणकामगार मुली व क्षय यांचा संबंध दाखविला: आजारी मुलगी गांवीं पाठविली जाई, तेथें ती मरे, आणि गिरणीच्या हिशेबांत तिचा मृत्यु कोठेंच दिसत नसे. होसोइ वाकिझो या गिरणीकामगारानें १९२५ सालीं त्यांच्या दुःखाचा ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षीं तोही वारला. कायदा १९११ चा, अंमल १९१६ पासून, आणि बायकांची रात्रपाळी बंद झाली ती १९२९ सालीं.

या चित्रांत बौद्धधर्म कोणत्या बाजूस होता? उत्तर एकच नाहीं, व तें लपविण्याचें कारणही नाहीं. गिरणीमालक शिन पंथाच्या उपदेशकांस वसतिगृहांत बोलावीत, आणि ते मुलींस कर्म, कृतज्ञता व सोशिकपणा शिकवीत. जे मठ १८६८ सालीं राज्याच्या लाथा खात होते, तेच पंधरा-वीस वर्षांत आपण राज्यास किती उपयोगी आहोंत हें दाखविण्यास धांवले. सैन्याबरोबर धर्मोपदेशक गेले, युद्धास आशीर्वाद मिळाले. उलट हाकोने डोंगरांतील एका लहानशा मंदिराचा सोतो पंथी भिक्षु उचियामा गुदो यानें कुळांचें दारिद्र्य पाहून मंदिरांतच गुप्त छापखाना चालविला आणि खंड व सैन्यभरती नाकारा, असें पत्रक छापलें. राजद्रोहाच्या खटल्यांत १९११ च्या जानेवारींत त्यास फांशी झाली. त्याच्या पंथानें त्यास १९१० सालींच बाहेर घातलें होतें. तो ठराव मागें घेण्यास १९९३ साल उजाडलें.

ओसाक्याच्या गिरण्यांस कापूस कोठून मिळे? जपानी शेतकऱ्याचा कापूस आंखूड व महाग. १८९६ सालीं परदेशी कापसावरील जकात उठली आणि तेथील कपाशीची शेती जवळजवळ संपली. त्यापूर्वींच, १८९३ सालीं, नागपूरच्या एम्प्रेस गिरणीचे धनी जमशेटजी टाटा यांनीं एका जपानी जहाजकंपनीशीं करार करून मुंबई-कोबे अशी आगबोटींची फेरी सुरू करविली होती. पुढें तोयो मेन्का, निप्पॉन मेन्का, गोशो या जपानी पेढ्यांचे खरेदीदार अंतर्भागांतील बाजारांत उतरले. अशा रीतीनें वऱ्हाडांतील व वर्धेच्या खोऱ्यांतील कापूस त्या रात्रपाळींतील मुलींच्या चात्यांवर चढत होता. दोन्हीकडील माणसांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं. गोंदियाकडील भाग भाताचा व विडीच्या पानांचा. कापसाचा हा व्यवहार त्याच्या पश्चिमेस चाले.

निचिदात्सु फुजीइ हा भिक्षु याच जपानांत वाढला. क्यूशू बेटांत कुमामोतो प्रांतीं शेतकरी कुटुंबांत १८८५ सालीं त्याचा जन्म. १९०३ सालीं, रशियाशीं युद्ध पेटण्याच्या आदल्या वर्षीं, त्यानें दीक्षा घेतली. तेराव्या शतकांतील निचिरेन या आचार्याचा तो अनुयायी. चंद्रदेशांतून, म्हणजे हिंदुस्थानांतून, सूर्यदेशांत आलेला धर्म पुन्हां पश्चिमेस परत जाईल, असें भाकित निचिरेननें केलें होतें. फुजीइनें तें अक्षरशः घेतलें. त्याचा पहिला मठ मात्र १९१८ सालीं मांचुरियांत, जपानी सत्तेच्या छायेंत उभा राहिला. ही गोष्ट त्याच्या भक्तांनीं फारशी पुढें आणलेली नाहीं. परंतु चरित्रांत ती असली पाहिजे. १९३० सालीं तो हिंदुस्थानाकडे निघाला, पुढच्या वर्षाच्या आरंभीं कलकत्त्यास उतरला, आणि १९३३ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें त्याची व गांधीजींची भेट झाली. हातांतील चामड्याचा पंखेवजा डफ वाजवीत तो सद्धर्मपुंडरीक सूत्रास नमस्कार असा एकच मंत्र म्हणे. तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेंत आला व सेवाग्रामांत अजून म्हटला जातो.

ही भेट सर्वजण सांगतात. त्याच महिन्यांत वर्ध्याच्या बाजारांत काय चाललें होतें, तें सहसा कोणी सांगत नाहीं. जपानी कापडाच्या लोंढ्यास अडविण्यासाठीं हिंदुस्थान सरकारनें १९०४ चा व्यापारी करार मोडण्याची सूचना दिली होती, आणि जून १९३३ मध्यें ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात शेंकडा ७५ वर नेली. जपानी गिरणीवाल्यांनीं उत्तरादाखल हिंदी कापसावर बहिष्कार घातला. सप्टेंबरापासून सिमल्यास वाटाघाटी सुरू झाल्या व त्या पुढें दिल्लीस चालल्या. जानेवारी १९३४ मध्यें तडजोड ठरली कीं, जपाननें सालीना दहा लक्ष गांठी कापूस घ्यावा व त्या बदल्यांत साडेबत्तीस कोटी वार कापड पाठवावें. म्हणजे भिक्षु डफ वाजवीत वर्ध्यास पोंचला तेव्हां नव्या हंगामाच्या तोंडीं जपानी गिऱ्हाईक बाजारांतून उठून गेलें होतें. गांधीजींचे यजमान जमनालाल बजाज हे स्वतः कापसाच्या व्यापारी घराण्यांतील. आश्रमांत चरखा, बाजारांत अडकलेला कापूस, आणि दारीं त्याच यंत्रयुगास पाठ फिरवून आलेला जपानी संन्यासी, अशीं तीन टोकें येथें एकत्र येतात. या संन्याशास गांधीजींविषयीं एवढी ओढ कां वाटली, याचा उलगडा मला तरी येथें होतो. यंत्राशिवाय राष्ट्र उभें राहत नाहीं, हें मेइजी राज्यानें त्याच्या पिढीस शिकविलें होतें. तें न मानणारा पुढारी त्यास वर्ध्यास भेटला.

फुजीइ परत गेला. त्याचा एक शिष्य आश्रमांत राहिला. डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरल्यावर पोलिसांनीं त्यास नेलें. जुलै १९४२ मध्यें गांधीजींनीं प्रत्येक जपान्यास उद्देशून पत्र लिहिलें. त्यांत चीनवरील आक्रमणाचा स्पष्ट निषेध आहे, आणि त्याच पत्रांत आश्रमांतून नेलेल्या या भिक्षूची आठवण अत्यंत ममतेनें काढली आहे. युद्ध अणुबाँबनें संपलें. त्यानंतर फुजीइनें शांतिस्तूप बांधण्याचें व्रत घेतलें: कुमामोतो येथें १९५४ सालीं, राजगीर येथें १९६९ सालीं, वर्ध्यासही गीताई मंदिराजवळ असा स्तूप आहे. १९८५ सालीं तो वारला.

दुसरा भिक्षु शुरेइ ससाई. ओकायामा प्रांतांत १९३५ सालीं जन्म, शिंगोन पंथाची दीक्षा, थायलंडांत कांहीं काळ वास्तव्य, आणि मग राजगीरच्या स्तूपाच्या कामावर फुजीइच्या हाताखालीं. १९६७ सालीं तेथें नागार्जुनानें स्वप्नांत येऊन ‘नागपुरास जा’ असें सांगितलें, असें ते स्वतः सांगतात. स्वप्नाचा खरेखोटेपणा आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा; परंतु शिंगोन भिक्षूच्या स्वप्नांत नागार्जुन येणें आणि त्यानें याच मुलखाचें नांव घेणें, यास मागें सांगितलेली परंपरा आधारास आहे. ते नागपुरास आले तेव्हां येथील परिस्थिति वर्ध्याच्या आश्रमाहून अगदीं निराळी होती. ता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपुरास धर्मदीक्षा दिली होती. त्याआधीं दोन वर्षें, १९५४ सालीं, ते भंडारा मतदारसंघांतून पोटनिवडणुकीस उभे राहून पराभूत झाले होते; गोंदिया तेव्हां त्याच जिल्ह्यांत. दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आंतच ते निवर्तले. खेडोपाडीं लक्षावधि लोक नवबौद्ध झाले होते, आणि विधि करण्यास, शिकविण्यास भिक्षु नव्हते. फुजीइ आपला धर्म परत देण्यास आला होता. ससाईंना तो येथें जिवंत, आणि तोही गिरणी-शेतांत राबणाऱ्यांचा, मिळाला. इंदोरा येथील विहारांत राहून ते मराठी-हिंदी बोलूं लागले व हिंदी नागरिक झाले.

नागार्जुनाच्या शोधानें त्यांना रामटेकजवळील मनसर येथें नेलें. त्यांच्या पुढाकारानें स्थापन झालेल्या संस्थेमार्फत जगत्पति जोशी व अ. कु. शर्मा यांनीं तेथें १९९८ पासून उत्खनन केलें. विटांची भव्य बांधकामें निघालीं. उत्खननकर्त्यांनीं त्यांतील कांहीं अवशेष बौद्ध मानिले. डच पंडित हान्स बाकर यांनीं हिडिंबा टेकडीवरील बांधकाम वाकाटक प्रवरसेन दुसरा याचें प्रवरेश्वराचें शिवालय होय, असें प्रतिपादिलें. शैव मूर्तींचा व वाकाटक लेखांचा पुरावा पाहतां पांचव्या शतकापुरतें बाकर यांचें म्हणणें मला अधिक बलवत्तर वाटतें. तेवढ्यानें टेकडीवरील बौद्धवस्तीचा प्रश्न निकालांत निघत नाहीं. या वादांत श्रद्धा आणि अभिमान दोन्ही बाजूंनीं शिरले आहेत. निर्णय मात्र थरांच्या व लेखांच्या आधारेंच व्हावा.

आतां साधनांविषयीं एक व्यवहाराची गोष्ट. भिक्षूंचीं आत्मकथनें छापलीं गेलीं आहेत. ज्या व्यापारानें दोन देश जोडले त्याचे कागद मात्र विदर्भांतील जुन्या अडत-दुकानांत, जिनिंग कारखान्यांच्या कोठारांत व वाड्यांच्या माळ्यांवर पडून आहेत, आणि ते रद्दींत जात आहेत. १९३३-३४ च्या हंगामाच्या रोजमेळ व खतावण्या, मुंबईच्या पेढ्यांचीं पत्रें, कापसाचे नमुने पाठविल्याच्या नोंदी हातीं आल्या तर बहिष्काराचा फटका कोणत्या बाजारास किती बसला हें कळेल. जपानी कापडाच्या गठ्ठ्यांवर चिकटविलेलीं रंगीत तिकिटें व काड्यांच्या पेट्यांवरील चित्रें संग्राहक हौसेनें जमवितात. त्यांवर हिंदु देवदेवता असतात. तीं कोणत्या दुकानांत, कोणत्या सालीं मिळालीं, हें मागच्या बाजूस पेन्सिलीनें लिहून ठेवावें. नाहींतर तीं नुसतीं चित्रें राहतात. वह्यांसंबंधीं आणखी एक सूचना: मोडी वाचतां येतें एवढ्या भरंवशावर कोणी या कामास लागूं नये. वर्धा-हिंगणघाटकडील बऱ्याच पेढ्या मारवाडी होत्या व त्यांचा हिशेब महाजनी लिपींत आहे. तींत मात्रा बहुधा गाळलेल्या असतात, त्यामुळें परदेशी पेढीचें नांव ओळखणें कठीण जातें; तें ओळखणारा जुना मुनीम जोंवर आहे, तोंवर त्याच्याजवळ बसून नांवांची यादी करून घ्यावी.